विमानाचं वजन कागदावरच होतं

गेल्या महिन्यात सांखळीच्या माझ्या आतेभावाचा गोव्यातल्या मोपा विमानतळावरून फोन आला. विमानात बसून पाऊण तास झाला होता. दार अजून उघडंच होतं. हवाईसुंदरी तीन वेळा डोकी मोजून गेली होती आणि आता 'कागदपत्रं पूर्ण व्हायची आहेत' अशी घोषणा झाली होती. दुपारी मुंबईत त्याची डॉक्टरांकडे वेळ ठरलेली. "दादा, इंजिन बिघडलं म्हणाले असते तर गप्प बसलो असतो. पण कागदासाठी विमान अडवायचं? ही काय मामलेदार कचेरी आहे?"

त्याची चीड मला समजत होती. कचेरीतला कागद म्हणजे काम झाल्यावरचा शिक्का, असाच आपला सगळ्यांचा अनुभव. विमानाच्या बाबतीत मात्र कागद आधी आणि काम नंतर. मी बारा वर्षं गोव्याच्याच दाबोळी विमानतळावर आधी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या फरशीवर, आणि नंतर लोड कंट्रोलमध्ये काम केलं. विमानात काय, किती आणि कुठे भरायचं याचा हिशेब ठेवणं हे आमचं काम. त्या कागदांत एक आकडा चुकला तर काय होतं, हे त्याला त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं. तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

कागद म्हणजे नेमके कोणते?

१९४४ साली शिकागोमध्ये देशांनी नागरी विमान वाहतुकीचा करार केला. त्याच्या २९व्या कलमात परदेशी जाणाऱ्या विमानात कोणते कागद हवेतच, याची यादी आहे: विमानाचं नोंदणीपत्र, ते उडण्यालायक असल्याचा दाखला, प्रत्येक कर्मचाऱ्याचा परवाना, प्रवासाची नोंदवही, रेडिओचा परवाना, प्रवाशांची नावनिशीवार यादी आणि मालाची यादी. देशातल्या उड्डाणांचे नियमही साधारण याच वळणाचे आहेत.

हे झाले कायम जवळ बाळगायचे कागद, घराच्या उताऱ्यासारखे. यात चूक झाली, म्हणजे समजा परवाना घरी राहिला किंवा वैद्यकीय दाखल्याची मुदत काल संपली, तर विमान थांबतं आणि दुसरा वैमानिक बोलावतात. भारतात २०२५च्या फेब्रुवारीपासून वैमानिकांना मोबाइलवरचा परवानाही मिळू लागला, त्यामुळे घरी विसरण्याचा प्रश्न हलका झाला आहे.

खरी गोम दुसऱ्या गठ्ठ्यात असते. हा गठ्ठा दर उड्डाणाला नव्याने जन्मतो आणि विमान उतरलं की त्याचं काम संपतं. इंधन किती, वजन किती, वाटेत हवा कशी, उतरायच्या धावपट्टीवर काही दुरुस्ती चालू आहे का, मागच्या वैमानिकाने तांत्रिक वहीत कसली तक्रार लिहिली आणि इंजिनियरने तिचं काय केलं, हे सगळं त्यात असतं. आता बराचसा मजकूर टॅबलेटवर येतो, तरी आम्ही त्याला कागदच म्हणतो.

विमान काट्यावर चढत नाही

म्हापशाच्या बाजारात काजूचं पोतं काट्यावर ठेवतात. ट्रक वजनकाट्यावर चढतो. विमान मात्र उडण्यापूर्वी कुठल्याच काट्यावर चढत नाही. रिकामं विमान काही वर्षांतून एकदा हँगरमध्ये तोलतात, तेवढंच. रोजच्या उड्डाणाचं वजन बेरीज करून काढतात. रिकाम्या विमानाचं वजन, अधिक माणसं, अधिक बॅगा, अधिक माल, अधिक इंधन. माणसांनाही कोणी तोलत नाही. मोठं माणूस, मूल, तान्हं बाळ यांची ठरावीक सरासरी वजनं धरतात. या बेरजेच्या कागदाला लोडशीट म्हणतात. एकशे ऐंशी आसनांचं जे विमान आपल्याकडे सर्रास दिसतं, त्याची ही बेरीज भरल्या पोटी पाऊणशे टनांच्या आसपास जाते.

नुसती बेरीज पुरत नाही. ते वजन कुठे बसलं आहे हेही लागतं. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. खलाशी गाड्या येतील तशा घेत नाही. जड गाडी मध्ये, स्कुटरी कडेला, असं बघून बघून लावतो. सगळी जड वाहनं एका टोकाला गेली तर बोट त्या टोकाला नाक खुपसणार. विमानाचंही तेच, फक्त तिथे पाण्याचा आधार नाही. वजन फार मागे गेलं तर नाक आपणहून वर उठू बघतं, फार पुढे गेलं तर वैमानिकाने ओढलं तरी वेळेवर उठत नाही. हा तोल साधण्याला ट्रिम म्हणतात. आमच्या विमानतळावरच्या बोलीत 'ट्रिम झालं का?' म्हणजे तो कागद तयार झाला का.

आता हा आकडा पुढे कुठे जातो ते बघा. वैमानिक तो आपल्या संगणकात भरतो आणि त्यावरून तीन वेग निघतात: कुठपर्यंत ब्रेक मारून थांबता येईल, कधी नाक उचलायचं, आणि उचलल्यावर एक इंजिन गेलं तरी किमान कोणता वेग राखायचा. त्याच आकड्यावरून इंजिनाला किती जोर द्यायचा तेही ठरतं. पुष्कळांना वाटतं की उडताना इंजिन पूर्ण ताकदीने चालतं. बहुतेक वेळा तसं नसतं. इंजिनाची झीज कमी व्हावी म्हणून वजनाला आणि धावपट्टीला पुरेल इतकाच जोर मोजून देतात. म्हणजे कागदावर वजन कमी पडलं की वेग चुकतो आणि जोरही अपुरा पडतो. दोन्ही चुका एकाच क्षणी, धावपट्टी संपत आलेली असताना उघड होतात.

२० मार्च २००९च्या रात्री मेलबर्नला हेच घडलं. दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए-३४० विमानाचं वजन ३६२.९ टन होतं. संगणकात टंकलं गेलं २६२.९. तीनच्या जागी दोन. विमानात २७५ माणसं होती. नाक उचललं तरी विमान उठेना, शेपूट धावपट्टीवर घासली, धावपट्टी संपली. कॅप्टनने शेवटच्या क्षणी पूर्ण जोर दिला म्हणून ते कसंबसं वर चढलं आणि इंधन टाकून परत उतरलं. कोणी दगावलं नाही.

कॅनडातल्या हॅलिफॅक्सला १४ ऑक्टोबर २००४ रोजी एम. के. एअरलाइन्सच्या मालवाहू जंबो विमानाचं नशीब तसं नव्हतं. तपास अहवालानुसार संगणकात बहुधा आधीच्या उड्डाणाचं वजन तसंच राहिलं होतं, शंभर टनांहून अधिक कमी. विमान धावपट्टीपलीकडच्या मातीच्या बांधावर आदळलं. सातही कर्मचारी गेले.

हे वाचून 'शंभर टनांचा फरक कळत कसा नाही?' असं वाटतं. मलाही वाटायचं. पण लांब पल्ल्याच्या वैमानिकाला आज अडीचशे टन, परवा साडेतीनशे टन असे आकडे रोज दिसतात. कुठलाच आकडा त्याच्या डोळ्याला परका वाटत नाही. शिवाय हे काम निवांत टेबलावर होत नाही. इंधनवाला सही मागतो आहे, केबिनमधून कोणी व्हीलचेअरबद्दल विचारतं आहे, रेडिओवर वेळ विचारताहेत, आणि मधेच आकडा भरायचा आहे. चूक आळसाने होत नाही, व्यत्ययाने होते.

माझ्या हातची चूक

चार्टरचा, म्हणजे पर्यटकांसाठी खास भाड्याने घेतलेल्या विमानांचा सीझन होता. हिवाळ्यात युरोपातून विमानं यायची, कधी कधी दोन-तीन एकदम. एका विमानाच्या बॅगा लोडर मंडळींनी मागच्या पोटात, म्हणजे सामान ठेवायच्या मागच्या कप्प्यात, भरल्या आणि मी शीटवर पुढच्या पोटात दाखवल्या. बेरीज बरोबर, जागा उलटी. कागद वर गेला. कॅप्टनने तो वाचला आणि मला कॉकपिटमध्ये बोलावून एवढंच विचारलं, "एवढ्या बॅगा असून तोल इतका पुढे कसा?" मी खाली धावत गेलो, पोटाचं दार उघडून पाहिलं आणि अंगाला घाम सुटला.

विमानाला वीस मिनिटं उशीर झाला. आत बसलेल्या दोनशे माणसांना 'कागदपत्रांमुळे उशीर' इतकंच सांगण्यात आलं. ते वैतागले असणार. ती वीस मिनिटं त्या कॅप्टनने घेतली, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. तेव्हापासून मी लोडर सुपरवायझरकडून पोटांचे आकडे तोंडी म्हणवून घेतल्याशिवाय कागद पुढे पाठवला नाही.

लिटर आणि किलो

इंधनाच्या कागदातली सर्वांत गाजलेली चूक कॅनडातली. टँकर इंधन लिटरमध्ये देतो, वैमानिकाला ते वजनात हवं असतं. आपण तेल लिटरने आणतो आणि खोबरं किलोने, तसा हा फरक. एक लिटर विमान-इंधन साधारण ०.८ किलो भरतं.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. इंधनमापक बंद होता, म्हणून टाकीत मोजपट्टी लावून ७,६८२ लिटर इंधन असल्याचं ठरवलं. हवं होतं २२,३०० किलो. कॅनडात तेव्हा पौंडाकडून किलोकडे बदल चालू होता आणि ७६७ ही त्यांच्या ताफ्यातली इंधन किलोत मोजणारी पहिलीच विमानं. सवयीने लिटरला १.७७ने गुणलं गेलं. तो आकडा पौंडाचा. उत्तर आलं १३,५९७ आणि सगळ्यांनी ते किलो समजून घेतलं. आणखी ४,९१७ लिटर भरलं. भरायला हवं होतं वीस हजारांहून अधिक.

वाटेत ४१,००० फुटांवर इंधनाचे इशारे वाजू लागले आणि थोड्याच वेळात, एकामागून एक, दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरचा छंद होता. त्यांनी ते विमान तरंगत तरंगत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती भरल्या होत्या. विमानातली सर्व ६९ माणसं वाचली. ओटावाला हिशेब पुन्हा एकदा तपासला होता, हे यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तपासला, पण त्याच १.७७ने. तीच चूक दुसऱ्यांदा केली तर तिला तपासणी म्हणता येत नाही.

'पण आता सगळं कॉम्प्युटर करतो ना?'

करतो. आणि कॉम्प्युटरला कोणीतरी शिकवलेलं असतं.

आपल्या लग्नपत्रिकांवर आणि शाळेच्या दाखल्यांवर 'कु.' लिहितात. पाच वर्षांची मुलगी कुमारी आणि पस्तिशीची अविवाहित बाईही कुमारीच. इंग्रजीतल्या 'मिस'चंही ब्रिटनमध्ये तसंच आहे. २१ जुलै २०२० रोजी टुई या विमान कंपनीचं बोइंग ७३७ ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनच्या मायोर्का बेटावर गेलं. चेक-इनची प्रणाली नुकतीच सुधारली होती, आणि ती जिथे लिहिली गेली तिथे 'मिस' म्हणजे लहान मुलगी असा समज होता. विमानातल्या ३८ प्रौढ स्त्रिया त्यामुळे मुली म्हणून मोजल्या गेल्या. ६९ किलोंच्या जागी ३५. लोडशीटवरचं वजन प्रत्यक्षापेक्षा १,२४४ किलोंनी कमी आलं.

उड्डाण सुरक्षित पार पडलं, कारण एवढा फरक पोटात घेण्याइतकी सोय गणितात ठेवलेली असते. पण माणूस एका विमानाचं शीट चुकवतो. प्रणाली चुकली की त्या दिवसाची अनेक विमानं एकाच तऱ्हेने चुकतात, आणि छापील अक्षर बघून कोणी शंका घेत नाही.

ओ आणि ए

आपल्या गोव्यात आता दोन विमानतळ. दाबोळी नौदलाचं, तिथे नागरी विमानांना नौदलाच्या सरावाचे तास सांभाळावे लागतात. आणि पेडण्याच्या पठारावरचं मोपा, जिथून ५ जानेवारी २०२३ला प्रवासी वाहतूक सुरू झाली. चुकून दुसऱ्याच विमानतळावर पोचलेला एखादा पाहुणा आता प्रत्येकाच्या ओळखीत सापडेल.

तिकिटावर दाबोळी जी-ओ-आय आणि मोपा जी-ओ-एक्स. वैमानिकांच्या कागदांत मात्र चार अक्षरी नाव वापरतात. दाबोळी व्ही-ओ-जी-ओ, मोपा व्ही-ओ-जी-ए. शेवटच्या एका अक्षराचा फरक. धावपट्टी वेगळी, डोंगर वेगळे, रेडिओची वारंवारता वेगळी. म्हणून हे नाव अक्षर अक्षर सुटं करून वाचण्याची शिस्त असते.

पावसाळ्यात त्याच कागदावर आणखी एक रकाना फार मोलाचा ठरतो. ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठे जायचं? आषाढातली झड लागली की दाबोळी आणि मोपा दोन्ही एकाच ढगाखाली असतात. तेव्हा पर्याय म्हणून घाटापलीकडचं दूरचं विमानतळ लिहावं लागतं, आणि तिथवर पुरेल इतकं इंधन घ्यावं लागतं. इंधन वाढलं की वजन वाढलं, वजन वाढलं की लोडशीट पुन्हा. पावसाचा अंदाज बदलल्यावर 'कागद' का बदलतो, ते यात आलं.

उलट प्रकारची चूकही असते. कागद फार कमी नाही, फार जास्त. धावपट्टी, दिवे, बंद मार्ग यांबद्दल वैमानिकांना मिळणाऱ्या सूचनेला नोटॅम म्हणतात. २०१७च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान रात्री धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीमार्गावर, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जातात त्या रस्त्यावर, उतरायला आलं. तिथे चार भरलेली विमानं रांगेत उभी होती. शेवटच्या क्षणी ते वर उचललं गेलं. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिली होती, पण ती २७ पानांच्या पुडक्यात ८व्या पानावर. अमेरिकेच्या तपास मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी अशा सूचनांना, कोणी लक्ष देत नाही असा कचरा म्हटलं. मला ते कठोर वाटत नाही. महत्त्वाची गोष्ट आठव्या पानावर टाकणाऱ्याची ती चूक आहे, आणि दोष मात्र वाचणाऱ्याच्या वाट्याला येतो.

'वैमानिक हजर असून त्याची वेळ कशी संपते?'

वैमानिकाची ड्युटी विमान हलल्यावर सुरू होत नाही. तो विमानतळावर हजेरी लावतो तेव्हापासून घड्याळ चालू. ठरलेले तास भरले की तो उडू शकत नाही, मग तो कितीही ताजातवाना असो. त्यामुळे कागद दुरुस्त करताना तासभर गेला आणि दिवसाचं शेवटचं उड्डाण त्या मर्यादेपलीकडे जात असेल, तर कर्मचाऱ्यांचा दुसरा संच आणावा लागतो. गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे बहुतेक कर्मचारी मुंबई, दिल्ली, बेंगळूरूहून येऊन-जाऊन असतात, राखीव माणूस लगेच मिळतोच असं नाही.

हे तास म्हणजे अंगचोरी नव्हे. जुलै २०२५मध्ये आपल्याकडे वैमानिकांची आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि नोव्हेंबरपासून विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा पुष्कळांनी नियमाला दोष दिला. नियम खूप आधी जाहीर झालेला होता. नियोजन त्याप्रमाणे झालं नाही. थकलेल्या माणसाच्या हातून आकडा कसा चुकतो, हे ज्याने पाहिलं आहे तो या नियमाविरुद्ध बोलणार नाही.

चाकांनाच काटा का लावत नाहीत?

लावता येतो. चाकांच्या दांड्यांत दाब मोजणारी यंत्रं बसवून वजन काढण्याची सोय काही मालवाहू विमानांत आहे. पण वाऱ्याने पंख किंचित उचलले, फरशी उतरती असली की आकडा हलतो, आणि यंत्राची देखभाल हे एक नवं काम होऊन बसतं. एअरबसच्या काही नव्या विमानांत भरलेले आकडे एकमेकांशी जुळतात का, हे विमानच तपासतं. ही सोय सर्व विमानांत यायला हवी असं माझं ठाम मत आहे. तोवर उपाय जुनाच. दोन वैमानिकांनी आपापला हिशेब वेगवेगळा करायचा, मग ताडून बघायचा, आणि शेवटी 'आज एवढी माणसं, एवढा पल्ला, तर वजन साधारण इतकं हवं' असा ढोबळ अंदाज मनाशी घ्यायचा. माझ्या कॅप्टनने हेच केलं होतं.

कंपन्यांनाही एक सांगणं आहे. 'तांत्रिक कारणामुळे', 'कागदपत्रांमुळे' अशा मोघम घोषणा करू नका. 'बॅगांचा हिशेब जुळत नाही, तो जुळवून मगच निघू' असं मराठीत, कोंकणीत सांगा. माणसं थांबतात.

डोकी तीन-तीनदा का मोजतात?

आतेभावाचा सर्वांत मोठा राग या मोजणीवर होता. त्यामागे एक दुःखद आठवण आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने फुटलं, ३२९ जीव गेले. बॉम्ब असलेली बॅग विमानात होती, तिचा मालक विमानात नव्हता. त्यानंतर जगभर बॅग आणि माणूस यांची जोडी जुळवण्याचा नियम कडक झाला. यादीत एक डोकं कमी भरलं तर त्याची बॅग शोधून उतरवतात, मग लोडशीट पुन्हा.

"पण आमच्यात कोणी कमी नव्हतं," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "एक जास्त भरत होतं." त्याच्या मागच्या रांगेत एक बाई तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. काउंटरवर बाळाची नोंद करायची राहून गेली होती. शेवटी एक मुलगा हातात कागद घेऊन आत आला, बाईंना बाळाचं नाव आणि वय विचारलं, लिहून घेतलं आणि धावत बाहेर गेला. मग हवाईसुंदरीने मागून बाळाचं छोटं लाइफजॅकेट आणून आईच्या हातात दिलं आणि ते कसं घालायचं ते समजावलं. त्यानंतर दार बंद झालं.